चौदा गुण, पण कुणाविरुद्ध?

मागच्या डिसेंबरात इंदापूर तालुक्यातल्या एका गावात रात्री अकराच्या सुमाराला मी मॅटच्या कडेला उभा होतो. शाळेचं मैदान, चार फ्लडलाइट, मागच्या रस्त्यावरून कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॉल्या, आणि माइकवर एक समालोचक, ज्याचा आवाज उपांत्य फेरीतच बसला होता. तरी तो ओरडत होता, "चौदा गुण! एकट्या पोराचे चौदा गुण! प्रो कबड्डीवाल्यांनो, कुठं हाय तुम्ही?"

पोरगं एकोणीस वर्षांचं. सामना संपायच्या आत त्याची रील माझ्या फोनवर आली होती. खाली ढोल, वर आगीचे इमोजी, मध्ये मोठ्या अक्षरात १४.

मी कॉलेजच्या संघात डावा कोपरारक्षक होतो. कोपऱ्यात उभं राहिलेल्या माणसाला एक खोड लागते. चढाईपटू परत गेला की तो गुण मोजत नाही, गुण कसा गेला ते मोजतो. त्या चौदांचा माझ्या डोक्यातला हिशेब असा होता. सहा गुण बोनसचे. पाच गुण समोर दोन-तीनच जण उरले होते तेव्हाचे. आणि सहा-सात जण उभे असताना, भरलेल्या मैदानातून, कुणाच्या तरी अंगाला हात लावून आणलेले गुण फक्त तीन.

त्याच संघाच्या डाव्या कोपऱ्यात एक सडपातळ मुलगा होता. समोरचा सगळ्यात तगडा चढाईपटू सुरुवातीला दोनदा त्याच्या बाजूला गेला. पहिल्यांदा रिकाम्या हाताने परतला, दुसऱ्यांदा घोट्यात अडकला. त्यानंतर पूर्ण सामनाभर तो त्या बाजूला फिरकलाच नाही. अर्धं मैदान त्या मुलाने बंद करून टाकलं होतं. गुणपत्रिकेत त्याच्या नावापुढे लिहिलं गेलं, पकडी : १.

या दोन पोरांपैकी उद्या पुण्यातल्या एखाद्या ट्रायलला कुणाला बोलावणं येईल, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. आणि माझं भांडण नेमकं तिथे आहे. बारामती-इंदापूरकडे, आणि खरं तर सगळ्या महाराष्ट्रात, व्यावसायिक कबड्डीसाठी पोरांची तुलना आपण ज्या आकड्यावर करतो, तो आकडा पोराची गुणवत्ता सांगतच नाही. समोर कोण होतं आणि संघाने चढाईला पाठवलं किती वेळा, एवढंच तो सांगतो. बचाव करणाऱ्याबद्दल तर काहीच सांगत नाही. आणि या आकड्याच्या भरवशावर पोरं डिप्लोमा सोडतात.

एक कोटी पंचेचाळीस लाखांची सावली

हा आकडा एवढा मोठा कसा झाला, ते आधी बघू. प्रो कबड्डी २०१४ साली सुरू झाली. पहिल्या लिलावातली सगळ्यात मोठी बोली राकेश कुमारवर लागली, १२.८ लाख. २०१८ च्या सहाव्या हंगामात मोनू गोयत १.५१ कोटींना गेला. त्याच हंगामात कोल्हापूर जिल्ह्यातला सिद्धार्थ देसाई यू मुंबाकडून पहिल्यांदा खेळला. किंमत ३६.४ लाख. त्याने एका हंगामात चढाईचे दोनशेच्या वर गुण आणले आणि २०१९ च्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याला १.४५ कोटींना घेतलं. त्या लिलावातली ती सर्वोच्च बोली होती.

आपल्यातला पोरगा, एक हंगाम, चौपट किंमत. त्यानंतर आमच्याकडे कुठल्याही मैदानावर जा, प्रत्येकाला चढाईच करायची असते. पंधरा वर्षांच्या पोराला विचारलं, "काय खेळतोस?" तर तो "रेडर" म्हणतो. कोपऱ्यात उभं राहायला कुणी राजी नसतं. चढाईला दम पुरत नाही, त्याला तिथे उभा करतात. क्रिकेटमध्ये लहान भावाला फिल्डिंगला लावायचे तसं.

सिद्धार्थचा खेळ खोटा होता असं मी म्हणत नाही. पुढे त्याच्या खांद्याला दुखापत झाली आणि आठवा हंगाम सुरुवातीलाच संपला, यात तर त्याचा काहीच दोष नाही. माझा आक्षेप आपण त्याच्याकडून काय शिकलो याला आहे. आपण शिकलो ते एवढंच, गुण आणा, कोटी मिळतील.

मग हेही शिकायला हवं होतं. २०२३ च्या लिलावात तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतसाठी २.६०५ कोटी मोजले. संघाच्या हातात एकूण होते पाच कोटी. म्हणजे अर्ध्याहून जास्त पैसा एका चढाईपटूवर. पवन त्या हंगामात काही हात बांधून बसला नव्हता. तरी टायटन्सने २२ पैकी २ सामने जिंकले आणि तळाला राहिले. तो दहावा हंगाम जिंकला पुणेरी पलटणने, १ मार्च २०२४ ला हैदराबादच्या अंतिम सामन्यात हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून. कर्णधार होता अहिल्यानगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार. तो लिलावात कोटी घेऊन आलेला नव्हता. नव्या तरुण खेळाडूंच्या कोट्यातून आठव्या हंगामात संघात आला होता. पलटणनेही एका खेळाडूवर २.३५ कोटी लावले होते, पण तो होता इराणचा मोहम्मदरेझा शादलू, ज्याचा मुख्य धंदा पकडी करण्याचा. हंगामातला सर्वोत्तम बचावपटू तोच ठरला.

एका हंगामावरून सिद्धांत काढू नये, मान्य. पण ज्या स्पर्धेकडे बघून आमची पोरं स्वप्नं बघतात, तिथे कप कसा जिंकला जातो हे तरी नीट बघा.

दोन पोरं, एक पाटी

आता गणित करू. समजा 'अ' नावाचा चढाईपटू एका सामन्यात २२ चढाया करतो आणि ११ गुण आणतो. 'ब' ९ चढाया करतो आणि ६ गुण आणतो. रील 'अ'ची निघणार. पण प्रत्येक चढाईमागे 'अ'ने अर्धा गुण आणला, 'ब'ने पाऊण गुणाच्या जवळ.

पुढे जाऊ. कबड्डीत सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की संघाची तिसरी चढाई 'करो या मरो' होते. गुण आणा नाहीतर बाद व्हा. त्या वेळी समोरच्यांना माहीत असतं की हा परत पळणार नाही, याला आत यावंच लागेल. कबड्डीतली सगळ्यात अवघड चढाई तीच. आता समजा 'ब'च्या ९ पैकी ६ चढाया तिसऱ्या होत्या. संघाचा लाडका 'अ' पहिली, दुसरी चढाई मारून दम खातो आणि फास गळ्यापाशी आला की 'ब'ला पाठवतो. गावोगावच्या संघांत हे रोज घडतं. मग या दोघांत मोठा चढाईपटू कोण?

अजून एक. बोनस रेषेचा गुण समोर सहा किंवा सात जण असतील तरच मिळतो. बोनस घेणं ही कला आहे, पण आमच्याकडच्या सामन्यांत कोपरारक्षक इतके मागे उभे राहतात की बोनस जवळजवळ वाटायला ठेवलेला असतो. वरच्या पातळीवर तोच पाय आत टाकला की घोटा सापडतो. गावातले सहा बोनस आणि वरच्या मॅटवरचे सहा बोनस, दोन्ही पाटीवर सहाच दिसतात.

माझा मावसभाऊ याच पाटीवर फसला. निमगाव केतकीच्या बाजूचा. त्याच्याही बारा, चौदा, सोळा गुणांच्या रील होत्या. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला त्याने कॉलेज सोडलं, कारण कुणीतरी त्याला सांगितलं होतं की पोरा, तुझे आकडे लिलावाचे आहेत. एका ट्रायलला त्याला तीन चढाया मिळाल्या. दोनदा घोट्यात धरला गेला, एकदा रिकामा आला. तो मला नंतर म्हणाला, "दादा, तिथले कॉर्नर खाली बसूनच असतात रे. आपल्याकडं कुणी एवढं खाली बसत नाय." वयाच्या एकविसाव्या वर्षी ही बातमी त्याला पहिल्यांदा कळली. चार वर्षं तो ज्या आकड्यांवर जगत होता, त्यात ती कुठेच लिहिलेली नव्हती.

अमेरिकेत हेच भांडण दुसऱ्या नावाने चालतं

तुमच्यातले काही जण एनएफएल बघतात, बाकीच्यांसाठी थोडक्यात. अमेरिकन फुटबॉलमध्ये बॉल फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवर धावून जाणारा एक बचावपटू असतो, त्याला पास रशर म्हणतात. बॉल सुटायच्या आत त्याने क्वार्टरबॅकला पाडलं की त्याच्या नावावर एक 'सॅक' लागतो. कॉलेजमधल्या खेळाडूंना व्यावसायिक संघ दर वर्षी ड्राफ्टमधून निवडतात. लिलाव नसतो; बहुतेक वेळा सगळ्यात खाली राहिलेल्या संघाची पाळी पहिली.

आपली लीग सुरू झाली त्याच २०१४ सालच्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर जेडेव्हियन क्लाउनी नावाचा पास रशर गेला. कॉलेजच्या शेवटच्या हंगामात त्याचे सॅक किती होते? तीन. आपल्या समालोचकाने त्याला मैदानाबाहेर काढलं असतं. पण निवडणाऱ्यांनी बघितलं की त्याला अडवायला समोरचे संघ दोन-दोन माणसं लावत होते आणि खेळ त्याच्यापासून लांब नेत होते. पाचव्या क्रमांकावर गेला खलील मॅक, बफेलोसारख्या लहान विद्यापीठाचा. त्याचे आकडे चांगले होते, पण शंका हीच की समोर दुबळे संघ होते. मग लोकांनी त्याचा ओहायो स्टेटसारख्या बलाढ्य संघाविरुद्धचा सामना काढून बघितला. तिथेही त्याने अडीच सॅक केले होते आणि पास पकडून थेट गोलपर्यंत पळाला होता. दोन वर्षांनी, २०१६ च्या हंगामात, मॅक एनएफएलचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. क्लाउनी चांगला खेळला, पण ज्या उंचीची अपेक्षा होती तिथे पोचला नाही.

म्हणजे त्यांचंही चुकतं. मॅक्स क्रॉस्बी २०१९ साली चौथ्या फेरीपर्यंत कुणाला नको होता आणि पुढे तो लीगमधल्या सगळ्यात धोकादायक पास रशरपैकी एक झाला. पण त्यांची चूक निदान योग्य प्रश्न विचारून झालेली असते. सॅक किती, या प्रश्नावर ते थांबत नाहीत. समोर कोण होतं? किती जणांनी अडवलं? सॅक झाला नसेल, पण याच्या भीतीने क्वार्टरबॅकने बॉल घाईत फेकला असं किती वेळा झालं? या शेवटच्या गोष्टीला ते 'प्रेशर' म्हणतात, आणि तीही मोजतात.

आता आमच्या त्या सडपातळ डाव्या कोपरारक्षकाकडे परत या. समोरचा चढाईपटू त्याच्या भीतीने दुसऱ्या बाजूला गेला, तिथे त्याला जागा अपुरी पडली, चढाया रिकाम्या गेल्या, मग तिसरी चढाई आली आणि उजव्या कोपऱ्याने त्याला धरलं. टाळ्या उजव्याला. पकड उजव्याच्या नावावर. प्रेशर कुणाचं होतं? आपल्याकडे या गोष्टीला शब्दही नाही, मग रकाना कुठून असणार?

"खेळ नजरेला कळतो"

हे लिहिताना मला माहीत आहे की आमचे जुने प्रशिक्षक काय म्हणणार. "लॅपटॉपवर कबड्डी खेळत नसत्यात. पोराच्या पायाकडं बघून आम्हाला कळतं."

कळतं, यात शंका नाही. मला डाव्या कोपऱ्यात उभं करणाऱ्या सरांना माझ्या पहिल्या दिवशी कळलं होतं की हा चढाईला निरुपयोगी आहे. ते बरोबर होते. पण एक नजर एका वेळी एकाच मैदानावर असते. माळेगाव, सोमेश्वरनगर, वालचंदनगर, बावडा, भिगवण, एका हिवाळ्यात किती ठिकाणी किती सामने होतात बघा. पारखी नजरेची चार माणसं त्यातले किती बघणार? उरलेल्या सामन्यांचा निकाल समालोचक आणि रील लावतात. नजरेविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. ती कुठे वळवायची हे आज ढोल-ताशाची रील ठरवते, त्याला माझा विरोध आहे.

दुसरा आक्षेप, संघ शेवटी ट्रायल घेतातच ना, तिथे दूध का दूध होईल. होतं, माझ्या मावसभावाचं झालं तसं. पण ट्रायलमध्ये काही मिनिटं मिळतात, आणि त्या रांगेत उभं कोण राहणार हे आधीच ठरलेलं असतं. ज्याचे चौदा गुण आहेत त्याला निदान नापास व्हायला तरी बोलावतात. कोपरारक्षकाला तेवढाही मान नाही. इंजिनिअरिंगवाल्यांना हे लगेच समजेल. कॅम्पसला साठ टक्क्यांची अट असायची आणि एकोणसाठवाल्याची मुलाखतच व्हायची नाही. आपण त्या अटीला शिव्या घातल्या. गावाकडच्या मैदानावर मात्र तशीच अट आपण स्वतः चालवतो आणि टाळ्या वाजवतो.

तिसरा आक्षेप जास्त प्रामाणिक आहे. पोरं कबड्डी आनंदासाठी खेळतात, कशाला त्यात एवढा हिशेब? आनंदासाठी खेळणाऱ्याला हिशेब नकोच. पण हिशेब तर सुरू झालेला आहे. 'ड' गटातल्या खेळाडूचीही लिलावातली मूळ किंमत नऊ लाख असते, आणि आमच्याकडे दीड-दोन एकर उसावर घर चालवणाऱ्याला नऊ लाख म्हणजे काय हे मी सांगायची गरज नाही. लीग राहू द्या. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. त्याचं दार राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धांमधून उघडतं, आणि तिथे जायला आधी पुणे ग्रामीणच्या संघात नाव यावं लागतं. पोराचं आयुष्य ज्या निवडीवर वळणार आहे, तिथे खोटा हिशेब चालू द्यायचा आणि खऱ्या हिशेबाला मात्र "आनंद जाईल" म्हणायचं, हे मला पटत नाही.

ॲप नको, वही

आता तुम्ही म्हणाल, सॉफ्टवेअरवाला आहे, ॲप विकायला आला. ॲप मी बनवलं होतं, तेही सांगून टाकतो. दोन महिने शनिवार-रविवार घालवले. मैदानावर पहिल्याच रात्री रेंज गेली, गुणलेखकाच्या बोटाला घाम, स्क्रीनवर दव. तिसऱ्या चढाईनंतर त्याने फोन माझ्या हातात ठेवला आणि खिशातलं पेन काढलं. त्याचंच बरोबर होतं.

त्यामुळे माझी मागणी एका वहीची आहे. ४० मिनिटांचा सामना आणि जास्तीत जास्त ३० सेकंदांची चढाई, म्हणजे साधारण ऐंशी ओळी. प्रत्येक ओळीत सहा गोष्टी : चढाई कुणाची, समोर किती जण, तिसरी होती का, गेला कोणत्या बाजूला, शेवट काय झाला, आणि पकड झाली असेल तर पहिला हात कुणी घातला. हा शेवटचा रकाना महत्त्वाचा. आज पकडीचं श्रेय बऱ्याचदा वरून येऊन अंगावर पडणाऱ्याला मिळतं. खाली घोटा धरून मॅटवर घासला गेलेला दिसतच नाही.

नववी-दहावीची दोन मुलं हे लिहू शकतात, एकाने सांगायचं, दुसऱ्याने लिहायचं. स्टँडवर एक मोबाइल लावून पूर्ण सामना रेकॉर्ड करायचा, रीलपुरता नव्हे, पूर्ण. ज्या स्पर्धेत पहिलं बक्षीस लाखाचं असतं आणि पाहुण्यांच्या फ्लेक्सने शाळेची भिंत झाकली जाते, तिथे एका वहीला पैसे नाहीत हे मला सांगू नका. सामना संपला की गुणपत्रिकेचं काय होतं, मी विचारलं होतं. "काय करायचं तिचं? शेकोटीला गेली."

एक हिवाळा असं लिहून ठेवलं तर काय होईल? माझ्या मावसभावासारख्याला सतराव्या वर्षी कळेल की त्याचे निम्मे गुण बोनसचे आहेत आणि डाव्या कोपऱ्याकडे तो जातच नाही. मग तो एकतर ते शिकेल किंवा डिप्लोमा पूर्ण करेल. दोन्ही चालेल. आणि कुठल्यातरी कोपरारक्षकाच्या नावापुढे पहिल्यांदा लिहिलं जाईल की याच्या बाजूला समोरचे यायलाच घाबरत होते.

यात माझा स्वार्थ आहे का? आहे. मी कोपऱ्यात उभा राहिलेला माणूस आहे. चार वर्षांत माझा एकही फोटो निघाला नाही. पण मला कुठल्या लीगमध्ये जायचं नव्हतं. मला नोकरी लागली. ज्यांच्याकडे दुसरा रस्ता नाही, त्यांच्यासाठी हा रकाना जास्त गरजेचा आहे.

त्या डिसेंबरच्या रात्री बक्षीस समारंभ झाला. सर्वोत्तम चढाईपटूला सायकल मिळाली. चौदा गुणांचं पोरगं सायकलवर बसून मॅटभोवती फिरलं, सगळ्यांनी शिट्ट्या मारल्या, मीही मारली. खरंच गोड पोरगं होतं. डाव्या कोपऱ्यातला मुलगा एका टोकाला मॅटचे तुकडे सोडवत होता, कारण ते पहाटेच्या आत दुसऱ्या गावाला पोचवायचे होते. मी त्याला विचारलं, "तो तुझ्या बाजूला का येत नव्हता रे?"

तो हसला. म्हणाला, "तुम्ही बघितलं व्हय?"

त्याचं नाव मी वहीत लिहून घेतलं आहे. एक ओळ झाली. अजून एकोणऐंशी राहिल्या.